रोजचा लगाम तुटतो तेव्हा: पिंपरी-चिंचवडचे प्रशासकराज

१३ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षे दहा महिने या शहरात एकही नगरसेवक नव्हता. सरकारने नेमलेला अधिकारी आयुक्तही होता आणि प्रशासक म्हणून स्थायी समिती व सर्वसाधारण सभाही तोच होता. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. आता सभागृह भरले आहे, म्हणून हा काळ लोक विसरू लागले आहेत. आम्हाला तो विसरून चालणार नाही.

२२ डिसेंबर १९५२ रोजी बाबासाहेबांनी पुणे जिल्हा लॉ लायब्ररीत लोकशाहीच्या यशाला आवश्यक असलेल्या अटींवर भाषण केले. त्यातला एक विचार आमच्या चळवळीतही क्वचितच चर्चिला जातो. सत्ता चालवणाऱ्याला कुठेतरी नकार मिळण्याची सोय म्हणजे लोकशाही, असे त्यांनी सांगितले. हा नकार दोन प्रकारचा असतो. एक जनता पाच वर्षांनी मतपेटीतून देते. पण तेवढ्याने भागत नाही. सत्ताधाऱ्याला तिथल्या तिथे, सभागृहात, तोंडावर जाब विचारणारा कुणीतरी असावा लागतो. म्हणजे एक लगाम पाच वर्षांचा आणि एक रोजचा. पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही एकदम सुटले होते.

नगरपालिकेच्या सभागृहाची किंमत आमच्या इतिहासाला ठाऊक आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य होते, निवडून आलेले नव्हते. तरीही व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला त्यांनी विरोध केला आणि हा पैसा शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. इंग्रजांच्या त्या अपुऱ्या व्यवस्थेतही एका माणसाला ‘नाही’ म्हणायला जागा होती. महाडची कथाही नगरपालिकेतूनच सुरू होते. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी कागदावरचा हक्क ओंजळीत घेतला. त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी ठराव मागे घेतला. सभागृह आपोआप न्यायी होत नाही, हा महाडचा धडा. पण कुणी ठराव केला आणि कुणी फिरवला, हे आज शंभर वर्षांनीही आपण सांगू शकतो, कारण तिथे सभागृह होते.

संविधानाचे कलम २४३-यू स्पष्ट आहे. पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मग चार वर्षे कशी गेली? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी घातली. तिच्यासाठी लागणारी माहिती सरकारकडे नव्हती. पुढे प्रभागरचना बदलली, सरकार बदलल्यावर ती पुन्हा फिरवली गेली आणि प्रकरण न्यायालयात अडकले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. ‘ओबीसी आरक्षणामुळे निवडणुका रखडल्या’ हे वाक्य आम्हाला मान्य नाही. ओबीसींची माहिती वेळेत गोळा न करणाऱ्यांमुळे त्या रखडल्या, आणि त्यात महाविकास आघाडी व महायुती दोघांचाही वाटा आहे.

या रिकाम्या सभागृहाच्या काळात काय झाले? हजारो कोटींचे अर्थसंकल्प एका सहीने मंजूर झाले. मे २०२५ मध्ये शहराचा सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारो हरकती आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत भंगार गोदामे, छोटी वर्कशॉप, पत्राशेड अशी हजारो बांधकामे पाडली गेली. ती अनधिकृत होती, हे महापालिकेचे म्हणणे मान्य केले तरी प्रश्न उरतो. तिथल्या मजुराने दाद मागायला जायचे कुणाच्या दारात? २०१७ च्या सभागृहात १२८ पैकी २० जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. सभागृह रिकामे ठेवले की त्या वीस खुर्च्याही रिकाम्या राहतात. बिल्डर आणि ठेकेदार आयुक्तांच्या दालनापर्यंत पोचतोच. झोपडपट्टीतली बाई पोचते ती नगरसेवकापर्यंत. तिची तेवढीच पायरी काढून घेतली गेली.

युरोपने हे दोन रूपांत पाहिले आहे. इटलीत १९२६ साली मुसोलिनीने निवडून आलेले महापौर आणि नगरसभा रद्द करून गावोगाव ‘पोदेस्ता’ नावाचे सरकारनियुक्त कारभारी बसवले. कारण दिले होते कार्यक्षमतेचे. तिथे स्थानिक निवडणुका परतल्या त्या १९४६ मध्ये, फॅसिझम कोसळल्यावर. दुसरे उदाहरण लोकशाहीचे माहेर म्हणवणाऱ्या इंग्लंडचे. थॅचर सरकारने ३१ मार्च १९८६ रोजी ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त केली. अख्ख्या लंडनची निवडून आलेली संस्था पुन्हा यायला २००० साल उजाडले. आपल्याकडचा प्रशासक म्हणजे पोदेस्ता, असे आम्ही म्हणत नाही. पण हुकूमशहा असो की बहुमताचे सरकार, शहराचा आवाज बंद करणे दोघांनाही सोयीचे वाटते, एवढे यातून दिसते.

‘नगरसेवक तरी कुठे धुतल्या तांदळाचे?’ असे आमच्याच वस्त्यांत अनेकांनी विचारले. प्रश्न खोटा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच महापालिकेच्या स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली होती. लोकांचा विश्वास उडायला लोकप्रतिनिधीही जबाबदार आहेत. पण वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते. प्रशासकाला बसवणारा आणि उठवणारा मंत्रालयात असतो. अविश्वासाचे औषध जास्त देखरेख हे आहे. देखरेखच बंद करणे हे औषध कसे होईल?

चाकणकडे पाहिले की प्रश्न आणखी खोल जातो. चाकण नगरपरिषदेतही वर्षानुवर्षे प्रशासक होता. पण तिथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा मराठवाड्याचा, बिहारचा कंत्राटी कामगार मतदार तरी कुठे आहे? राहतो तिथे नाव नोंदवण्याचा हक्क कायद्याने त्याला आहे. पण मालक भाडेकरार देत नाही, ठेकेदार बदलला की खोली बदलते, आणि नाव गावाकडच्या यादीतच राहते. युरोपीय संघात मास्ट्रिख्ट करारानंतर पोलंडचा कामगार जर्मनीत राहून तिथल्या पालिकेला मत देऊ शकतो. आपला जालन्याचा पोरगा आपल्याच राज्यात, चाकणच्या पाण्या-रस्त्यासाठी मत देऊ शकत नाही. त्याच्यासाठी प्रशासक काय आणि नगरसेवक काय!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी प्रभागरचना आणि आरक्षणाची माहिती तयार ठेवा. प्रशासक आलाच, तर त्याला रोजच्या कारभारापलीकडचे, विकास आराखड्यासारखे निर्णय घेऊ देऊ नका. औद्योगिक पट्ट्यात कंपनीच्या गेटवर मतदार नोंदणीची शिबिरे लावा. तिसरे काम सरकारची वाट न पाहता आपण आपल्या बुद्धविहारांतूनही सुरू करू शकतो. नवे सभागृह मार्च २०२२ नंतरच्या निर्णयांचा हिशेब मागते का, यावर आम्ही लक्ष ठेवून आहोत. नाही मागितला, तर आम्ही नगरसेवकांच्या दारात जाऊन विचारू.

जय भीम! जय संविधान!