भीमाकाठची स्मृती आणि संगीतीचा दंडक

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड व भीमा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात, भीमेच्या काठी मांडवगण फराटा हे गाव वसले आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. नकाशावर पाहता हे गाव दोन अत्यंत महत्त्वाच्या ऐतिहासिक स्थळांच्या मध्ये येते. त्याच्या शेजारी, घोड नदीच्या उजव्या तीरावर, इनामगाव आहे, आणि भीमेच्या वरच्या अंगाला कोरेगाव आहे. पहिल्या ठिकाणी जमिनीखालून इतिहास निघाला, तर दुसऱ्या ठिकाणी तो दगडावर कोरलेला आहे. या दोहोंच्या मध्ये जी गावे आहेत, त्यांतील बौद्ध वस्त्यांचा इतिहास मात्र अद्याप मुख्यतः वृद्धांच्या स्मरणातच राहिला आहे. तो लेखनिविष्ट कसा करावा, आणि पालि साहित्यातून या कामी काही मार्गदर्शन मिळते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कार्यामुळे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. त्यांची घरे, बार्लीचे पीक, पाण्याचा पाट आणि घराच्या जमिनीखाली पुरलेले मृत या सर्वांची नोंद थराथरागणिक करण्यात आली. मृताचे पाय घोट्यापासून तोडून त्याला पुरण्याची रीत होती, इतका बारकावा आज आपणास ठाऊक आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या निनावी माणसाविषयी आपण एवढे जाणतो. परंतु त्याच परिसरातील कोणत्या गावी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर पहिली धम्मदीक्षा कोणी घेतली, देव्हाऱ्यातील देव कोणत्या डोहात सोडले, आणि पहिली बुद्धवंदना कोणी म्हणवून घेतली, हे विचारले तर उत्तर देणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९५६ साली वीस वर्षांचा असलेला उपासक आज नव्वदीच्या घरात आहे. या कामाची निकड एवढ्यावरून ध्यानी यावी.

महाराष्ट्रात इतिहाससाधने जमविण्याची परंपरा नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गावोगावच्या वाड्यांतील रुमाल, माळ्यावर वाळवी खात पडलेली दप्तरे आणि देवस्थानांचे कागद या मंडळींनी पायपीट करून जमविले. त्या श्रमांविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. तथापि येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. दप्तर त्याच्याच घरी सापडते ज्याच्या घरी दप्तर होते. देशमुख, कुलकर्णी, इनामदार व सावकार यांच्या कागदांत आमचे पूर्वज आढळतात, पण ते वेठीला धरलेले, साक्षीला उभे केलेले, सीमेच्या वादात शपथ घेणारे किंवा पत्र पोचविणारे म्हणून आढळतात. कागद त्यांनी वाहिला, मात्र त्यावर लेखणी दुसऱ्याची चालली. त्यामुळे त्या दप्तरांचा उपयोग आपण अवश्य करावा, परंतु आपला संपूर्ण इतिहास त्यांत मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

याहून निराळे उदाहरण याच नदीखोऱ्याच्या वरच्या भागात आहे. जुन्नर परिसरातून वाहणारी कुकडी पुढे घोडेला मिळते आणि घोड भीमेला. त्या जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील ब्राह्मी लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी आणि धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी यांचे उल्लेख आहेत. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तर प्रसिद्धच आहे. हाताने काम करणाऱ्यांची आणि व्यापार करणाऱ्यांची नावे कोणा राजाच्या दप्तरात शोधावी लागत नाहीत. संघाशी जोडलेल्या त्यांच्या दानामुळेच ती शिळेवर राहिली. धम्म आणि सामान्य माणसाची नोंद यांचे नाते या प्रदेशात सुमारे दोन हजार वर्षांचे आहे.

कोरेगावचा रणस्तंभ हे त्या मानाने अलीकडचे उदाहरण होय. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे आठशे सैनिकांची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. पुढे नदीपलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, कंपनी सरकारने स्तंभ उभारला. १८२१ साली त्याचा पाया घातला गेला. त्यावरील नावांपैकी २२ नावे महार सैनिकांची असल्याचे नावांच्या अंती येणाऱ्या 'नाक' या पदावरून अभ्यासकांनी दाखविले आहे. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू आपल्या सत्तेचा विजय मिरविण्याचा होता, यात शंका नाही. परंतु पुढे १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा त्याच नावांना निराळा अर्थ प्राप्त झाला. 'सोमवंशीय मित्र' हे पत्र १९०८ साली सुरू करणारे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन सरकारकडे अर्ज केले. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी या स्तंभास भेट दिली आणि तेथील सभेत मार्गदर्शन केले. राज्यकर्त्यांच्या हेतूने कोरलेली नावे स्वाभिमानाच्या चळवळीचे साधन झाली, ती केवळ नोंद शिल्लक होती म्हणून.

या उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २०१८ च्या १ जानेवारीस, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, याच परिसरात हिंसाचार झाला. त्याच्या आदल्या दिवसांत वढू बुद्रुक येथे एका फलकावरील मजकुरावरून तणाव निर्माण झाला होता. कोण कोणाचा होता आणि कोणी काय केले, हा इतिहासाचा प्रश्न फलकावर सुटत नाही. ज्या गावात कागद वाचले जात नाहीत, साक्षी नोंदविल्या जात नाहीत आणि दोन्ही बाजूंनी एकत्र बसून पुरावा तपासला जात नाही, तेथे आवाज मोठा असणाऱ्याचा इतिहास खरा ठरतो. म्हणून स्थानिक इतिहासाचे जतन हे हौसेचे काम आहे असे आम्ही मानत नाही. ते गावाच्या शांततेशी निगडित आहे.

आपल्या समाजात हे काम करणारी माणसे झालीच नाहीत असे मात्र नाही. शिवराम जानबा कांबळे यांचे चरित्र ह. ना. नवलकरांनी १९३० साली, म्हणजे कांबळे हयात असतानाच, प्रसिद्ध केले. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्रासाठी आयुष्यभर कागद, आठवणी व पत्रे जमविली आणि १९५२ साली पहिला खंड वाचकांच्या हाती दिला. भीमराव कर्डक यांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांची हकिकत लिहून ठेवली नसती, तर ती कला केवळ ऐकीव राहिली असती. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर त्यांच्या कागदपत्रांची दिल्लीत मोठी हेळसांड झाली. १९७६ साली शासनाची चरित्र-साधने समिती स्थापन झाल्यावर वसंत मून यांनी उरलेल्या हस्तलिखितांचे संपादन केले आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. त्यासाठी त्या चळवळीतील वृद्ध स्त्रियांच्या दारी गेल्या. त्यांतील अनेक स्त्रियांना आपल्याकडे इतिहास आहे याची कल्पनाही नव्हती. या सर्वांचे कार्य मुख्यतः नेत्यांचे, शहरांचे अथवा संपूर्ण चळवळीचे आहे. गावाच्या पातळीवरील काम अजून व्हावयाचे आहे.

ते कोणत्या पद्धतीने करावे, याचे उत्तर आम्हांस विनयपिटकात मिळते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्षूंची पहिली संगीती भरली. चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात तिचे वर्णन आहे. महाकस्सप थेरांनी उपालींना नुसते नियम म्हणावयास सांगितले नाही. प्रत्येक नियमासंबंधी त्यांनी विचारले की तो कोठे घालून दिला, कोणाला उद्देशून घालून दिला आणि कोणत्या प्रसंगावरून घालून दिला. आनंदांनाही प्रत्येक सुत्ताचे स्थळ व व्यक्ती विचारण्यात आली. स्थळ, व्यक्ती आणि प्रसंग या त्रयीवाचून स्मृती संघाने ग्राह्य धरली नाही. मौखिक इतिहासाची याहून नेमकी प्रश्नावली आजही देता येणार नाही.

याबाबत आमची स्वतःची एक चूक येथे सांगणे इष्ट होईल. विद्यार्थिदशेत आम्ही एका वृद्ध उपासिकेकडून धर्मांतराच्या वेळची हकिकत ऐकली व वहीत उतरून घेतली. तिचे शब्द आम्ही भक्तिभावाने लिहिले, परंतु ती कोणत्या गावाची घटना सांगत होती, माहेरची की सासरची, आणि तिने ते स्वतः पाहिले की ऐकले, हे विचारावयाचे राहून गेले. पुढे ती उपासिका निवर्तली. ती वही आजही आमच्याजवळ आहे, आणि इतिहासाचे साधन म्हणून तिचा उपयोग करता येत नाही. संगीतीचे तीन प्रश्न आम्हांस तेव्हा पाठ होते, पण ते वापरावयाचे असतात हे सुचले नाही.

चुल्लवग्गातील आणखी एक प्रसंग इतिहास जतन करणाऱ्याने ध्यानी ठेवावा असा आहे. संगीती पूर्ण झाल्यावर पुराण नावाचे थेर दक्षिणागिरीहून राजगृहास आले. थेरांनी धम्म व विनय यांचे संगायन केले असून आपण ते स्वीकारावे, असे त्यांना सांगण्यात आले. संगायन उत्तम झाले आहे, तथापि आपण भगवंतांच्या मुखातून जे स्वतः ऐकले तेच धारण करू, असे त्यांनी उत्तर दिले. संगीतीने आपला वृत्तान्त जपताना हे असहमतीचे उत्तरही जपले. एखाद्या वृद्धाची आठवण समितीच्या मताशी जुळत नसेल, तर ती वगळू नये, त्याच्या नावानिशी शेजारी लिहून ठेवावी.

स्वीकाराचा निकष महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांत सांगितला आहे. एखादी गोष्ट प्रत्यक्ष भगवंतांकडून, संघाकडून, अनेक थेरांकडून अथवा एका थेराकडून ऐकली असे कोणी सांगितले, तर लगेच तिचे स्वागत करू नये आणि लगेच तिचा धिक्कारही करू नये. सुत्त व विनय यांच्याशी ती ताडून पाहावी. बावन हक्कांच्या परंपरेला हा निकष लावून पाहता येईल. बेदरच्या बादशहाने अमृतनाकास बावन हक्कांची सनद दिली, ही कथा महाराष्ट्रभर ऐकू येते आणि अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात ती नोंदविली आहे. तिला इतिहास म्हणून डोक्यावर घेण्याची घाई नको, आणि भाकडकथा म्हणून फेकून देण्याचीही नको. आपल्या गावातील वृद्ध त्यांपैकी कोणते हक्क सांगतात, गावच्या जुन्या कागदांत कोणते आढळतात, आणि कोणते दोन्हीकडे आढळत नाहीत, याचे तक्ते करावेत. त्यातून निघेल ते आपल्या गावाचे सत्य होय.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो प्रामाणिक आहे. आम्ही महारकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले, देव नदीत सोडले. मग त्या गुलामगिरीचे कागद कशाला जपावयाचे? याचे उत्तर बाबासाहेबांच्या कृतीतच आहे. वतन हे बेडीसारखे आहे हे त्यांनी सांगितले, परंतु मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडताना त्यांनी वतनाच्या व्यवहाराचा बारकाईने अभ्यास केला होता. बेडी कशी घडविली आहे हे ज्याला ठाऊक, तोच ती तोडू शकतो. शिवाय १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने नाहीशी झाली, तेव्हा पूर्वीच्या वतनदारांना आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी परत मिळावयाच्या होत्या. कोणास त्या मिळाल्या, कोणाच्या गेल्या आणि कशा गेल्या, हे फेरफाराच्या नोंदींतच आहे. तो कागद फेकून देणारा आपल्या नातवाचा पुरावा फेकून देतो.

मांडवगणसारख्या गावी कामाचा आरंभ पुढीलप्रमाणे करता येईल. विहारात एक नोंदवही ठेवावी. प्रथम गावातील ऐंशीच्या पुढील उपासक-उपासिकांच्या साक्षी स्थळ, व्यक्ती व प्रसंग विचारून घ्याव्यात आणि सांगणाऱ्याचे नाव, वय व दिनांक लिहावा. तलाठी व तहसील कार्यालयांतून जुने फेरफार, वतनी जमिनींचे उतारे आणि जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक यांच्या नकला मिळवाव्यात. त्यांतील मोडी भाग वाचण्यासाठी गावातील दोन तरुणांनी मोडी शिकावी. घराघरांतील लग्नपत्रिका, जयंतीच्या वर्गणीची पुस्तके, समता सैनिक दलाची छायाचित्रे व जलशांच्या वह्या यांची छायाचित्रे घेऊन मूळ वस्तू घरधन्यास परत द्यावी. स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या स्वतंत्रपणे उतरून घ्याव्यात. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. ज्या मातेस अक्षर येत नव्हते, तिचे दप्तर ओवीतच आहे.

वज्जींच्या अपरिहानीय धर्मांमध्ये वारंवार एकत्र जमणे आणि आपल्या चैत्यांचा मान राखणे यांचा समावेश तथागतांनी केला आहे. दर पौर्णिमेस वंदनेनंतर नोंदवहीतील एक साक्ष वाचून दाखविली, तर चूक असेल ती ऐकणाराच दुरुस्त करील आणि राहिलेले कोणी तरी सांगेल. येत्या वर्षावासात एका गावाने एवढे जरी केले, तरी पुढील वर्षी पलीकडच्या तीरावरील दौंड तालुक्यातील गावांना दाखविण्यासाठी एक वही तयार असेल. त्या वहीचे पहिले पान गावातील सर्वांत वृद्ध उपासिकेसाठी राखून ठेवावे.