मुख्त्यारपत्रावर सही कोणाची?

पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास गणेश वासुदेव जोशी यांना वगळून लिहिता येत नाही. १८२८ साली साताऱ्यात जन्मलेले जोशी आधी सरकारी नोकरीत होते. ती सुटल्यावर परीक्षा देऊन ते वकील झाले. पुण्याने त्यांना 'सार्वजनिक काका' हे नाव दिले.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायला लोकांच्या वतीने बोलणारी संस्था हवी, या विचारातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचा एक नियम वकिलाच्याच डोक्यातून निघावा असा होता. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुख्त्यारपत्र आणावे लागे. पक्षकाराच्या वकीलपत्राशिवाय वकील कोर्टात उभा राहू शकत नाही. मग जनतेच्या वतीने सरकारशी कोणी आणि कोणाच्या हुकमाने बोलायचे? सुमारे सहा हजार लोकांनी ९५ जणांना असे अधिकार दिले. मताचा हक्क दूर होता त्या काळात ही कल्पना क्रांतिकारक होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

काकांची निष्ठाही खोटी नव्हती. १८७२ साली त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते जाड्याभरड्या खादीत गेले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. राजद्रोहाच्या आरोपीशेजारी उभे राहणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. पुढच्याच वर्षी, १८८० साली, त्यांचे निधन झाले.

पण ते सहा हजार कोण होते? सभेचे अध्यक्षपद औंधच्या प्रतिनिधींकडे होते. सरदार, इनामदार, सावकार आणि पांढरपेशे यांचा तिच्यात भरणा होता. जोतीराव फुल्यांनी नेमके येथेच बोट ठेवले. नाव सार्वजनिक, मग तिच्यात शेतकरी कुठे, महार-मांग कुठे? १८६८ सालीच आपला हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता. सभेला तीन वर्षे झाली तेव्हा, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्याच पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

सभेने दुष्काळात रयतेची कैफियत सरकारपुढे मांडली, हे खरे. परंतु रयतेच्या हातचा कागद निराळाच होता. सावकाराच्या कर्जरोख्यावर शेतकरी नांगराची निशाणी करीत होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याला हेच कागद लोकांनी जाळले. माझ्या आजोबांचा अंगठाही आयुष्यभर सावकाराच्या कागदावरच उमटला. मुख्त्यारपत्र मात्र त्यांच्यापुढे कोणी कधी धरले नाही.

साठ वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा पुण्यात आला. तो मांडणारेही वकीलच होते. आमच्या वतीने बोलणारा माणूस आम्हीच निवडू, ही बाबासाहेबांची मागणी होती. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याला पुणे करार झाला. राखीव जागा वाढल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. सही करणारे हात पुन्हा बहुसंख्याकांचे ठरले.

म्हणून काकांचा नियम आपण टाकून देऊ नये. तो शेवटपर्यंत लावावा. आज समित्यांवर समाजाचा प्रतिनिधी म्हणून माझ्यासारख्या प्राध्यापकाला बसवतात. घरातला पहिला पदवीधर, एवढ्या भांडवलावर मीही बोलतो. पण ज्या वस्तीतून मी आलो, तिथल्या पन्नास माणसांनी मला तसे सांगितले आहे काय? हा प्रश्न इतरांना विचारण्याआधी आपण आपल्याला विचारला पाहिजे.