संबोधनाचा स्वल्पविराम

‘मास्तर आले का?’ आणि ‘मास्तर, आले का?’ या दोन वाक्यांत एका चिन्हाचाच काय तो भेद. पहिल्यात मास्तरांची चौकशी आहे. दुसऱ्यात मास्तरांनाच विचारून अन्य कोणाची. मुलाच्या कानाला हा भेद सहज कळतो. कागदावर तो दाखवण्याची सोय मात्र मराठीत सुमारे पावणेदोनशे वर्षांचीच आहे.

मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लावीत जायचे. शब्दही सुटे होत नसत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी दरबारांचा पत्रव्यवहार याच रीतीने चाले. तरीही वाचणारा अडत नसे. पत्राच्या मायन्यात ‘राजश्री अमुक यांसी’ असे असे, म्हणजे थेट हाक नसेच. हाक मारायचीच झाली, तर ती ‘अर्जुना’, ‘पांडुरंगा’ अशा प्रत्ययाने किंवा ‘अहो’, ‘अगा’ अशा अव्ययाने ओळखू येई.

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थांच्या कोशकार्यातील या सहकाऱ्याची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली निघाली. चिन्ह इंग्रजीतून आले, म्हणून ते परके असे कोणी म्हणतात. ते मला पटत नाही. चिन्ह परके असेल, हाकेनंतरचा थांबा आपलाच आहे.

वाचकहो, आज त्या चिन्हाची गरज वाढली आहे ती वेगळ्याच कारणाने. ‘रमेशा’ अशी हाक आता क्वचितच ऐकू येते. ‘रमेश, ये’, ‘आई, ऐक’ येथे नामाचे रूप बदलतच नाही. प्रत्ययाचे काम स्वल्पविरामाकडे आले आहे. ‘मुलांनो’ने प्रत्यय राखला, पण तिथेही ‘नो’वर चुकून अनुस्वार चढतो. इंदूरकडच्या मुलांना हे लवकर उमगावे, कारण हिंदीतही हाक मारताना ‘बच्चो’ बिंदीविनाच लिहितात.

बेळगाव, बिदरकडे अनेक मुलांची शाळा कन्नड आणि मराठी घरातली, म्हणजे कानावरची. त्यांना नियम पाठ करायला लावू नये. वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे आणि आवाज थांबेल तिथे चिन्ह द्यायला सांगावे. हाक आरंभी असेल तर तिच्यानंतर, शेवटी असेल तर तिच्याआधी, मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना: ‘मला, ताई, पाणी दे.’ ‘अरे बाळा, ये’ यात मात्र ‘अरे’पाशी थांबायचे नाही, ते नावासह एकाच दमात उच्चारले जाते.