पवईची भिंत

दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली. 'पवई तलाव भरून वाहू लागला.' परवा जेवणाच्या सुट्टीत मी ती मोठ्याने वाचली तर आमच्या टीममधला नवा पोरगा म्हणाला, "वाहू लागला म्हणजे? तलाव कसा वाहील?"

म्हटलं, अरे बाबा, तलाव कसला, धरण आहे ते! आणि त्याच्या खालच्या अंगाला आपण डबे उघडून बसलोय.

त्याचा घास हातातच राहिला. मग काय, शनिवार-रविवार याच विषयात गेला. तर मंडळी, ही गोष्ट पवईच्या भिंतीची.

१८८९ साली मुंबईत पाण्याची बोंब होती. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) पुरेनात, तानसाचं पाणी यायला अवकाश होता. तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून पवईच्या खोऱ्यात टेकड्यांच्या मधे साधारण १० मीटर उंचीचा बांध घातला. १८९०-९१ पर्यंत काम झालं. पण पाणी काही पिण्याच्या लायकीचं निघालं नाही. तानसा आलं आणि पवईची नोकरी गेली!

आपल्या भाषेत सांगायचं तर घाईघाईत मारलेला पॅच. मूळ गरज संपली, पण कोड तसाच राहिला. तेव्हापासून पवईचं पाणी कारखान्यांना आणि आरे कॉलनीला, आणि तलाव मात्र मुंबईकरांच्या विरंगुळ्याला. गळ टाकून तासन् तास बसणारे हौशी मासेमार, संध्याकाळी फिरायला येणारी जोडपी, गणपती विसर्जन, आणि अधूनमधून दर्शन देणारी मगर. अशा जागेला कोणी 'धरण' म्हणत नाही. आणि ज्याला धरण म्हणत नाही, त्याच्या सुरक्षिततेची चौकशी तरी कोण करणार?

आता दोन आकडे. महापालिकेच्या माहितीप्रमाणे पवई पूर्ण भरला की ५४५ कोटी लिटर पाणी मावतं, आणि पाणलोट क्षेत्र आहे ६.६१ चौरस किलोमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढाच पाऊस या पाणलोटावर धरून गुणाकार करा. उत्तर येतं सुमारे ६२४ कोटी लिटर. म्हणजे अख्खा तलाव रिकामा असता तरी एका दिवसात भरून वर वाहिला असता. आणि जुलैच्या शेवटी तलाव रिकामा कुठला असायला!

भिंत टिकली. पण जादाचं पाणी मिठीत गेलं, विहारचंही मिठीतच. मिठी पुढे सीप्झ, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला असं करत माहीमच्या खाडीला मिळते. त्या रात्री मी मरोळहून छातीभर पाण्यातून चालत घरी आलो. ते पाणी फक्त आभाळातलं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, आमच्या सोसायटीत कोणीतरी जिन्यातून ओरडत आलं, "धरण फुटलं!" कुठलं, कोणी सांगितलं, काही नाही. आम्ही गच्चीवर जाऊन उभे राहिलो. तासाभराने ओशाळून खाली आलो. पण त्याच रात्री, आमच्यापासून फार लांब नाही, जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटलं, सुनामी आली अशा अफवेनं पळापळ झाली आणि अरुंद गल्ल्यांत पंधराहून जास्त माणसं चेंगरून गेली. त्यात लहान मुलंही होती. न फुटलेल्या धरणाने माणसं मेली.

याच्या नेमकी उलटी गोष्ट अमेरिकेतली. पवईचं काम ज्या १८८९ साली सुरू झालं, त्याच वर्षी ३१ मे ला पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क धरण फुटलं. ते कालव्याला पाणी द्यायला बांधलं होतं. रेल्वे आली आणि कालवा मोडीत निघाला. मग ते मासेमारी आणि शिकारीच्या एका क्लबने घेतलं, सभासदांत अँड्र्यू कार्नेगीसारखे धनाढ्य. बग्ग्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा खाली घेतला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाच्या काळातच काढले गेले होते, ते परत बसवलेच नाहीत. खाली जॉन्सटाउन गाव. त्या दिवशी तारेने इशारे गेले, पण 'धरण फुटणार' हे गावाने वर्षानुवर्षं ऐकलेलं. फारसं कोणी हललं नाही. २,२०९ माणसं गेली.

एका गावाने खरा इशारा मानला नाही, एका वस्तीने खोटा मानला. दोन्हीकडे उणीव एकच. धरणाची खरी अवस्था काय, हे खालच्या माणसाला विश्वासाने सांगणारं कोणी नव्हतं.

मग सुरक्षिततेचे दर्जे कशासाठी असतात? असतात ना, पण त्यात एक मोठी गफलत होते. दर्जे दोन वेगवेगळे आहेत. पहिला, धरणाच्या तब्येतीचा. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते आणि त्रुटींचे तीन वर्ग करतात. पहिला वर्ग म्हणजे धरण फुटू शकेल इतकी गंभीर त्रुटी, दुसरा म्हणजे तातडीने दुरुस्ती हवी, तिसरा म्हणजे किरकोळ. दुसरा दर्जा धोक्याचा. फुटलंच तर खाली किती माणसं, किती घरं? याचा भिंतीच्या तब्येतीशी काही संबंध नाही. ठणठणीत धरणही 'अतिधोक्याचं' असू शकतं.

आणि मजा अशी की (मजा कसली!) हा दुसरा दर्जा भिंतीला हात न लावता बदलतो. १८९१ ला पवईखाली भातशेती आणि झाडी होती. आज तिथे काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता. एखादी जुनी लायब्ररी एका प्रोग्रॅमसाठी लिहिलेली असते आणि वीस वर्षांनी अख्खी बँक तिच्यावर उभी असते, तसं.

भारतीय मानक ११२२३ (१९८५) प्रमाणे एक कोटी घनमीटरपेक्षा कमी साठ्याचं आणि १२ मीटरपर्यंत पाणी अडवणारं धरण 'लहान' गटात येतं. त्याच्या सांडव्याने शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पेलला तरी चालतो. पवईचा साठा ५४.५ लाख घनमीटर, म्हणजे लहानच. पण तेच मानक म्हणतं की खाली धोका जास्त असेल तर पूरही मोठा धरा. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेला धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरची धरणं घेतो, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. त्यातली एक अट साठा किमान १० लाख घनमीटर असण्याची. पवई उंचीने उंबरठ्यावर, साठ्याने पाचपट. कायद्यात येणाऱ्या धरणाला आणीबाणीचा आराखडा सक्तीचा आहे.

'लहान' या शब्दाचा भरवसा किती धरायचा ते चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याला विचारा. पवईच्या निम्म्याहून कमी पाणी. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

हे वाचून लगेच गच्चीवर पळू नका :-) पवईची भिंत सव्वाशेच्या वर पावसाळे आणि एक २६ जुलै बघून उभी आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही दर्जे खालच्या वस्तीला ठाऊक हवेत, फाइलीत नव्हे. पाणी आलं तर कुठपर्यंत, भोंगा कुठला, पळायचं कोणत्या बाजूला, हे मरोळच्या चहावाल्यालाही सांगता यायला हवं. म्हणजे खरी हाक आली तर लोक उठतील, आणि खोटी आली तर बसून राहतील.

सोमवारी त्या पोराला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आपल्या ऑफिसचा भोंगा कुठला?"

असो. उत्तर शोधतोय.