स्वकथित माहिती (चरित्रलेखन)

स्वकथित माहिती म्हणजे एखाद्या व्यक्तीने स्वतःविषयी स्वतः दिलेली माहिती होय. आत्मचरित्र, दैनंदिनी, पत्रे, मुलाखती, पुस्तकाच्या मलपृष्ठावरील परिचय आणि व्यक्तीचे स्वतःचे संकेतस्थळ यांचा तीत समावेश होतो. चरित्रलेखात ती प्राथमिक स्रोत मानली जाते. तिची ग्राह्यता सांगणाऱ्याच्या थोरवीवरून नव्हे, तर विधानाच्या स्वरूपावरून ठरते.

ग्राह्यता व मर्यादा

जन्मगाव, शिक्षण, श्रद्धा किंवा एखाद्या निर्णयामागील हेतू यांविषयीचे विधान निर्विवाद व आत्मश्लाघेपासून मुक्त असल्यास व्यक्तीचे कथन पुरेसे ठरते. इतरांवरील आरोप, एखाद्या क्षेत्रात आपण पहिले असल्याचा दावा, खपाचे आकडे यांना स्वतंत्र स्रोत आवश्यक असतो. व्यक्तीची उल्लेखनीयता स्वकथनाने सिद्ध होत नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला. त्यामागील त्यांची भूमिका समजण्यास 'आत्मवृत्त' (१९१५) हा योग्य आधार आहे. त्याच सहजीवनाची दुसरी बाजू आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण' (१९४४) मध्ये आढळते. संस्थेतील विद्यार्थिनींची संख्या किंवा जमाखर्च यांसाठी मात्र संस्थेचे अहवाल पाहणे इष्ट ठरते.

जन्मतारीख

महाराष्ट्रातील जुन्या पिढीत जन्माची नोंद नसलेल्या अनेकांची १ जून ही तारीख शाळाप्रवेशाच्या वेळी सोयीने लिहिली गेली. त्यामुळे दाखल्यावरील तारीख नेहमीच अधिक खरी असते असे नाही. दोन्हींत तफावत असल्यास दोन्ही तारखा आधारासह नोंदवाव्यात.

फिलिप रॉथ प्रकरण

अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या 'द ह्यूमन स्टेन' (२०००) या कादंबरीचा संबंध समीक्षक अनातोल ब्रॉयार्ड यांच्याशी जोडणारा मजकूर इंग्रजी विकिपीडियावर होता. रॉथ यांनी तो अमान्य केला असता दुय्यम स्रोताची मागणी झाली. तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी 'द न्यूयॉर्कर'मध्ये अनावृत पत्र लिहिले. आपले मित्र, समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांच्या आयुष्यातील प्रसंगावरून कादंबरी सुचल्याचे त्यांनी त्यात सांगितले. कादंबरी कशावरून सुचली, हे सांगण्याचा अधिकार लेखकाचाच. परंतु समीक्षकांना तीत ब्रॉयार्ड दिसले, ही नोंद लेखकाच्या नकाराने पुसली जात नाही.

प्रच्छन्न स्वकथन

इंग्रज साहित्यिक थॉमस हार्डी यांचे द्विखंडात्मक चरित्र (१९२८, १९३०) पत्नी फ्लॉरेन्स यांच्या नावे प्रसिद्ध झाले. त्याचा बहुतांश भाग हार्डी यांनीच तृतीयपुरुषी लिहिला होता. गौरवग्रंथांतील आणि वृत्तपत्रांतील परिचयही पुष्कळदा संबंधित व्यक्तीने पुरविलेल्या मजकुरावरून तयार होतात. असे अनेक परिचय एकत्र केले, तरी स्रोत एकच राहतो.

लेखनपद्धती

स्वकथित माहिती 'यांच्या कथनानुसार' अशा निर्देशासह द्यावी. हयात व्यक्तीने आपल्याविषयीच्या मजकुरास हरकत घेतल्यास मूळ मजकुराचा आधार प्रथम तपासावा. तो सबळ नसल्यास तक्रारकर्त्याकडे पुरावा न मागता मजकूर काढून टाकावा.