फोन वाजत राहिला

मुंबईवर हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा घटनाक्रम पुष्कळदा लिहिला गेला. आरोपपत्रात आहे, चौकशी अहवालात आहे, दरवर्षी पुरवण्यांतही छापून येतो. त्या सगळ्यांत वेळ मोजली जाते ती ज्याच्या हातात बंदूक त्याच्या पावलांवरून. अमुक वाजता उतरले, अमुक वाजता शिरले, अमुक वाजता मारले गेले. ज्यांचे जीव गेले ती माणसं सगळ्यात शेवटी येतात, आकडा होऊन. १६६. इथे मी तीच रात्र मांडतो आहे, पण घड्याळ त्या माणसांच्या घरातलं. मारेकऱ्यांची नावं या मजकुरात येणार नाहीत. ती लहान पोरांनाही पाठ आहेत, आणि तेच मला खुपतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

पोरबंदरहून निघालेली ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट खोल समुद्रात होती. एक तांडेल आणि चार खलाशी. बोट गेली की दिवसचे दिवस काही कळत नाही, हे किनाऱ्यावरच्या घरांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे त्या रविवारी पाचही घरांत कोणाच्या मनात काही आलं नसणार. हल्लेखोरांनी बोट ताब्यात घेतली, चार खलाशांना आपल्या मोठ्या बोटीवर चढवलं आणि ठार मारलं. तांडेलाला तेवढं जिवंत ठेवलं, कारण मुंबईपर्यंत बोट नेणारा हवा होता.

म्हणजे मुंबईत पहिली गोळी सुटण्याच्या तीन दिवस आधीच चार घरं उद्ध्वस्त झाली होती आणि त्या घरांना ते ठाऊक नव्हतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर, दुपारनंतर

मुंबईचा किनारा जवळ आला. तांडेलाचं काम संपलं. त्याचे हात बांधून गळा चिरण्यात आला. त्याचा मृतदेह नंतर तटरक्षक दलाला बोटीवर सापडला. वाईट वाटतं लिहायला, पण पाच कुटुंबांत हे घर त्यातल्या त्यात वेगळं ठरलं, कारण त्यांना अंत्यसंस्कारासाठी देह मिळाला. बाकी चार घरांना काहीच मिळालं नाही. आपल्या कायद्यात बेपत्ता माणूस मृत मानायला सात वर्षं जावी लागतात. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून मदत नाही. त्या बायकांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे खेटे घातले. कपाळावरचं कुंकू पुसायचं की ठेवायचं, याचं उत्तर त्यांना सरकारी कागदाकडे मागावं लागलं.

रात्री साडेआठच्या सुमारास

कफ परेडच्या मच्छीमार नगरात कटकहून क्रिकेटचा सामना दाखवत होते, भारत विरुद्ध इंग्लंड. बरीच माणसं दूरचित्रवाणीसमोर होती. रबरी होडीतून दहा तरुण उतरले, पाठीवर जड पिशव्या. कोळीवाड्यातल्या माणसांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. उर्मट उत्तरं मिळाली. ते रस्त्याला लागले आणि टॅक्स्या केल्या.

टॅक्सीवाल्यांनी भाडं घेतलं. बुधवारची रात्र, धंद्याची वेळ. दोन गाड्यांत सीटखाली स्फोटकं ठेवून ती माणसं उतरून गेली. चालकांनी पुढचं भाडं घेतलं.

रात्री नऊ

छत्रपती शिवाजी टर्मिनसचा लांब पल्ल्याच्या गाड्यांचा भाग ज्याने पाहिला आहे त्याला ते दृश्य वेगळं सांगायला नको. तिथे लोक गाडीच्या वेळेआधी दोन-दोन, तीन-तीन तास येऊन बसतात. गाठोडी, पत्र्याच्या ट्रंका, दोरीने बांधलेली खोकी. त्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणारे मजूर पुष्कळ. वर्षभराची कमाई आणि घरच्यांसाठी घेतलेले कपडे त्या सामानात. जमिनीवर चादर टाकून पोरं झोपवलेली. तिथेच पुण्याच्या गाडीची वाट बघत एक नऊ वर्षांची मुलगी वडील आणि भावाबरोबर बसली होती. मोठ्या भावाला भेटायला निघालेली. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती.

जवळच कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीवर होत्या. प्रसूतिपूर्व कक्षात वीस गरोदर बायका होत्या.

दादरला पोलीस अधिकारी हेमंत करकरे घरी जेवायला बसले होते.

साडेनऊ ते दहा

हल्लेखोरांपैकी दोघांनी टर्मिनसच्या त्या दालनात गोळीबार सुरू केला, हातबॉम्ब फेकले. समोर कोण आहे हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदू, मुसलमान, म्हातारी, तान्ही. त्या रात्री सगळ्यात जास्त माणसं याच ठिकाणी गेली, पन्नासहून अधिक. आणि सगळ्यात कमी आठवण याच ठिकाणची राहिली. ताज हॉटेलच्या घुमटातून निघणारा धूर जगाने पाहिला; टर्मिनसवर लोळत पडलेली गाठोडी फार थोड्यांना आठवतात. गरिबाचं मरण गर्दीत मिसळून जातं.

विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या कक्षात बसून लोकल गाड्यांच्या बाजूचं सगळं पाहत होते. ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना सांगत राहिले, पुढे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. किती जण त्या आवाजाने वाचले याची मोजदाद होणं शक्य नाही. वाचलेल्यांची यादी कोणी करत नाही.

त्या मुलीच्या उजव्या पायात गोळी शिरली.

करकरे ताटावरून उठले. थोड्या वेळाने टर्मिनसवर बुलेटप्रूफ जाकीट आणि हेल्मेट चढवताना ते वृत्तवाहिन्यांवर दिसले. ते शेवटचं दिसणं.

साडेदहा ते अकरा

माझगावजवळ वाडीबंदरला एक टॅक्सी फुटली, विलेपार्ल्यात दुसरी. चालक गेले, आत बसलेले गेले. एवढी छोटी नोंद घटनाक्रमात असते. पण जराशा फरकाने कोणीही त्या सीटवर बसलं असतं. मुंबईकराला ही जाणीव त्या रात्रीनंतर टॅक्सीचं दार उघडताना कितीतरी दिवस होत राहिली.

याच सुमारास शहरभर फोन सुरू झाले. कुठे आहेस? निघालास का? पोचलीस का? ज्यांना उत्तर मिळालं त्यांनी देवापुढे हात जोडले. ज्यांना मिळालं नाही त्यांनी पुन्हा नंबर लावला. समोरून कोणी उचलत नाही, एवढ्यावरून किती घरांना कळून चुकलं असेल आणि तरी सकाळपर्यंत त्यांनी ते मानलं नसेल.

अकरा वाजून गेल्यावर

टर्मिनसवरून निघालेले दोघे कामा रुग्णालयात शिरले. कुलथे यांनी खिडकीतून रखवालदारांना गोळ्या लागताना पाहिलं. त्यांनी कक्षाची दारं लावली, दिवे मालवले आणि वीसच्या वीस बायकांना आडोशाच्या छोट्या खोलीत नेलं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या. रक्तदाब वाढलेला, बाहेर गोळ्यांचा आवाज, इमारत हादरते आहे. कुलथे तिला भिंतीच्या आधाराने जिना चढवून प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. बाळ सुखरूप जन्मलं.

त्याच इमारतीत वर पोलीस अधिकारी सदानंद दाते आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह लढत होते. त्यांचे दोन सहकारी तिथे गेले, दाते स्वतः जबर जखमी झाले.

मध्यरात्र

कामाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत पोलिसांची क्वालिस वळली. विजय साळसकर चालवत होते, शेजारी अशोक कामटे, मधल्या आसनावर करकरे, मागे चार शिपाई. समोरून गोळ्या आल्या. सातांपैकी सहा जण गेले. हे ठिकाण पोलीस आयुक्तालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मारेकऱ्यांनी तिन्ही अधिकाऱ्यांचे देह खाली ओढले आणि गाडी पळवली. मागे कोणी जिवंत असेल हे त्यांनी पाहिलं नाही. सहकाऱ्यांच्या देहांखाली अरुण जाधव जखमी होऊन अडकले होते. हाताला गोळ्या लागलेल्या, बंदूक जवळ असून उचलता येत नव्हती. त्यांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट मी कधी विसरू शकलो नाही. गाडी चालू असताना मागे पडलेल्या एका शिपायाचा मोबाइल वाजला. तो आवाज ऐकून पुढे बसलेल्याने मागे वळून गोळ्या झाडल्या.

कोणाचा फोन होता ते मला ठाऊक नाही. पण त्या रात्री शहरात लागलेल्या हजारो फोनांपैकी तो एक होता, आणि तो विचारत होता ते सगळे विचारत होते तेच असणार.

गाडी टाकून मारेकरी उतरले, तेव्हा जाधव यांनी बिनतारी यंत्रावरून खबर दिली.

रात्री साडेबाराच्या सुमारास

गिरगाव चौपाटी. पोलीस दलातले तुकाराम ओंबळे, साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, आधी लष्करात होते. हातात काठी. त्यांनी त्या दोन मारेकऱ्यांपैकी एकाच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगात जिरवत सोडली नाही. म्हणून एक जण जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला. ओंबळ्यांच्या घरी मात्र त्या रात्रीनंतर बाप आला नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेल्या नरिमन हाउसमधून एक आया दोन वर्षांचं पोर छातीशी धरून बाहेर पडली. पोराचे आईबाप आतच राहिले. ताजमध्ये व्यवस्थापक करमबीर कांग पाहुण्यांना बाहेर काढत राहिले, आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांची पत्नी आणि दोन मुलं गेली. रुग्णालयांच्या दारात लोक नातेवाइकांचे फोटो घेऊन उभे होते.

सरकारी घटनाक्रम शनिवारी, २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपतो. कारवाई पूर्ण. घरांतला चालू राहतो, आणि तो कुठल्या अहवालात येत नाही.

जून २००९: टर्मिनसवरची ती मुलगी कुबड्या घेऊन न्यायालयात आली आणि तिने आरोपीकडे बोट दाखवलं. त्यानंतर शाळेत पोरं तिला ‘कसाबची मुलगी’ म्हणून चिडवायला लागली. (नाव लिहायचं नाही म्हटलं होतं, पण तिच्या वाट्याला आलेला घाव त्या नावाशिवाय सांगता येत नाही.) वडिलांचा सुकामेव्याचा धंदा बसला. घराच्या आश्वासनासाठी २०२० मध्ये तिला उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

२००९ मध्येच विनिता कामटे यांचं ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक आलं. नवरा त्या गल्लीत का गेला, किती वेळ तिथे पडून होता, मदत कधी मागितली गेली, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. आपल्या माणसाच्या शेवटच्या तासाचा घटनाक्रम विधवेने स्वतः जुळवायचा, याहून मोठी नामुष्की मला सुचत नाही. कविता करकरे यांनी नवऱ्याच्या हरवलेल्या जाकिटाचा हिशेब मागितला. त्या २०१४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेल्या. मुलांनी त्यांचे अवयव दान केले.

अंजली कुलथे साक्षीला गणवेश घालून गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलल्या. त्या रात्रीला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

‘कुबेर’वरच्या चार खलाशांचे मृतदेह आजपर्यंत मिळालेले नाहीत.