पान एक, पत्ते तीन

आज वेबवरच्या जुळ्या पानांचा इतिहास.

एकच लेख. छापायचा पत्ता वेगळा, मोबाइलचा वेगळा, जाहिरातीतून आलात की तिसराच. आपल्याला पान एकच दिसतं. सर्च इंजिनला मात्र तीन.

१९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. मजकुराचे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे पाडायचे आणि दोन पानांत किती तुकडे जुळतात ते मोजायचं. त्यांनी तब्बल ३ कोटी पानं अशी पडताळली.

जुळी सापडली, पण मुख्य कोणतं? फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या एकमेकांच्या स्पर्धकांनी एकच तोडगा स्वीकारला: ‘कॅनॉनिकल’. पानाच्या कोडमध्ये एक ओळ टाकून मालकानेच सांगायचं, ‘माझा खरा पत्ता हा.’

मला यातली मेख महत्त्वाची वाटते. गूगल ही ओळ इशारा मानतं, हुकूम नाही. शिवाय ती चालते प्रामाणिक माणसाच्या भरवशावर. तुमचा लेख उचलणारा तुमचा पत्ता कशाला लिहील? तिथे अस्सल कोण, हे आजही यंत्रच ठरवतं.